आमच्या वॉर्डातल्या तीन बागांची पाहणी: जानेवारी ते एप्रिल २०२५ च्या नोंदी

आपल्या भागातल्या बागा कुणाला वापरता येतात आणि कुणाला नाही हे ज्यांना तपासायचंय त्यांच्यासाठी हे लिहून ठेवतोय. आम्ही सहा जण होतो. मी, एक रिटायर्ड शिक्षिका (सगळे त्यांना बाईच म्हणतात), व्हीलचेअर वापरणारे एक दादा, दृष्टिहीन असलेल्या एक ताई आणि कॉलेजच्या दोन मुली. बागांची नावं देत नाही, मोठी बाग, मधली बाग आणि पाण्याच्या टाकीजवळची बाग एवढंच म्हणतो. तिन्ही महापालिकेच्या.

५ जानेवारी, रविवार

सकाळी साडेसहा ते साडेआठ मोजणी. मी मोठ्या बागेत जॉगिंग ट्रॅकच्या कडेला बाकड्यावर बसून समोरून जाणाऱ्या माणसांच्या रेघा मारल्या, बाकी दोन बागांत मुलींनी तसंच केलं. तीन बागांत मिळून आकडा आला ४१२. खूश होऊन घरी आलो, संध्याकाळी बाईंनी विचारलं की तो निळ्या टोपीवाला माणूस तू किती वेळा मोजलास? तेव्हा लक्षात आलं की जो दहा राउंड मारतो तो दहा वेळा मोजला गेलाय. सगळा आकडा फेकून दिला.

आता पद्धत बदलली. बागेचे तुकडे पाडायचे (खेळणी, ओपन जिम, लॉन, ट्रॅक, बाकडी), प्रत्येक तुकड्यापुढे उभं राहून डावीकडून उजवीकडे एकदाच नजर फिरवायची आणि त्या क्षणी जो दिसेल तोच लिहायचा. बाई, पुरुष, अंदाजे वय, आणि बसलाय, चालतोय की जोरात काही करतोय. मग पुढचा तुकडा. अमेरिकेत २००६ पासून सोपार्क नावाची मोजणीची पद्धत आहे ती साधारण हीच, आम्ही आधी वाचली असती तर रविवार वाचला असता.

११ जानेवारी, शनिवार

चेकलिस्ट घेऊन फिरलो. पहिली यादी ६४ प्रश्नांची होती आणि प्रत्येकापुढे 'आहे' किंवा 'नाही'. मोठ्या बागेला ६४ पैकी ५१ 'आहे' मिळाले. शौचालय आहे, रॅम्प आहे, पाणपोई आहे, दिवे आहेत, दृष्टिहीनांसाठीच्या ठिपक्यांच्या पिवळ्या फरशा आहेत. कागदावर बाग झकास.

मग बरोबरच्या मुलीला खरोखरच बाथरूमला जायचं होतं. लेडीजच्या दाराला कुलूप. वॉचमनमामांना शोधायला सात मिनिटं गेली, ते मागच्या गेटला होते, म्हणाले चावी माळ्याकडे आहे, माळी सुट्टीवर. खिडकीतून बघितलं तर आत पाण्याचे पाइप, खराटे आणि खताच्या गोण्या. आणि आम्ही दहा मिनिटांपूर्वीच 'शौचालय: आहे' लिहिलं होतं.

त्याच दिवशी सगळी यादी रद्द केली. नवीन यादीत एकही 'आहे का' नाही, प्रत्येक ठिकाणी 'आत्ता वापरून बघितलं का, काय झालं' असंच विचारलंय. नळ फिरवायचा, दार उघडायचं, बाकड्यावर बसायचं आणि हात न टेकता उठता येतं का बघायचं. प्रश्न ६४ वरून २७ वर आले. वेळ मात्र दुप्पट लागतो, एका बागेला जवळजवळ तीन तास धरा.

१२ जानेवारी

रुग्णोपयोगी साहित्य केंद्रातून व्हीलचेअर आणली, डिपॉझिट १५०० रुपये, महिन्याचं भाडं १५०. कल्पना अशी होती की आमच्यापैकी कुणीतरी बसून फिरेल म्हणजे दादांना प्रत्येक वेळी यायला नको.

ही कल्पना चुकीची होती. मी बसलो, गेटपाशी तीन बोटं उंच उंबरा आला आणि मी नकळत पाय खाली टेकवून खुर्ची वर ढकलली. दादा बाजूलाच होते. म्हणाले, "पाय काढलेस ना, मग तुझ्यासाठी तो उंबरा नाहीच. मी इथूनच घरी गेलो असतो." तिथून पुढे नियम केला, की रॅम्प, गेट, ट्रॅक आणि शौचालय याबद्दल दादांनी सांगितल्याशिवाय फॉर्मवर काहीच लिहायचं नाही, आणि त्यांच्या येण्याजाण्याचा रिक्षाखर्च आमच्या वर्गणीतून. खुर्ची महिनाभर नुसती पडून राहिली, केवळ रुंदी मोजायला उपयोग झाला. ६४ सेंटिमीटर भरली.

आणि मधल्या बागेच्या गेटात बाइक आत येऊ नयेत म्हणून जे लोखंडी खांब रोवलेत त्यांच्यातली फट आहे ५८ सेंटिमीटर. बाइकवाली पोरं हँडल तिरकं करून त्यातून आरामात आत जातात, हे आम्ही उभ्या उभ्या बघितलं. अडतो कोण तर दादा, बाबागाडी घेऊन आलेली आई आणि वॉकर धरून चालणाऱ्या आजी. शेजारी मोठं गेट आहे, त्याला कुलूप.

१८ जानेवारी, शनिवार

उतार मोजणीत मोठा घोळ झाला, यावर जरा सविस्तर लिहितो कारण हा घोळ कुणाचाही होईल.

रॅम्पचा उतार १:१२ पेक्षा जास्त नको, म्हणजे १ फूट चढायला १२ फूट लांबी. सरकारच्या २०२१ च्या सुगम्यता मार्गदर्शक तत्त्वांतही हेच आहे. टक्क्यांत ते ८.३३ होतं आणि अंशांत ४.७६. आम्ही फोनमधलं लेव्हलचं ॲप वापरलं. माझ्या फोनवर ते अंश दाखवत होतं, एका मुलीच्या फोनवर टक्के, आणि फॉर्मवर आम्ही फक्त आकडा लिहिला, एकक नाही. मोठ्या बागेच्या रॅम्पपुढे मी '६' लिहिलं, ८.३३ पेक्षा कमी म्हणून पास केलं. पण ते ६ अंश होते, म्हणजे साडेदहा टक्के, म्हणजे नापास. तिन्ही बागांतले सगळे उतार परत मोजावे लागले. दोन शनिवार गेले.

त्यात अजून एक गोष्ट, पेव्हर ब्लॉकवर फोन ठेवला की एक ब्लॉक खाली एक वर, वीतभर सरकवलं की आकडा वेगळा. शेवटी स्लायडिंग खिडक्या बनवणाऱ्याकडून १ मीटर लांबीची ॲल्युमिनियमची पट्टी आणली (१२० रुपये), वर साधी बुडबुड्याची लेव्हल ठेवायची, पट्टी आडवी सरळ धरायची आणि खालच्या टोकाला जमिनीपासून अंतर टेपने मोजायचं. ८.३ सेंटिमीटरपेक्षा जास्त आलं की नापास. ॲप नको, बॅटरी नको, वादही नको. टाकीजवळच्या बागेतला रॅम्प २ मीटर लांब आणि ३६ सेंटिमीटर उंच निघाला. तिथे सव्वाचार मीटरपेक्षा जास्त लांबी हवी होती. तो बहुतेक हातगाडी वर चढवायला केला असावा, दादांनी बघूनच नको म्हटलं.

१९ जानेवारी, रविवार

संध्याकाळची मोजणी. लॉनवर बायका प्रचंड संख्येने, आम्हाला आश्चर्य वाटलं, मग कळलं बचत गटाचं हळदीकुंकू होतं. संक्रांत ते रथसप्तमीपर्यंत ही मोजणी धरता येणार नाही, वगळली. पण ताटं घेऊन आलेल्या तिथल्या एका मावशींनी सांगितलेलं लिहून ठेवतो, "असं काही कारण असलं की येतो आम्ही बागेत. नुसतं बसायला कोण येतंय, लोक म्हणतील हिला घरी काम नाही का."

२२ जानेवारी

माहिती अधिकारात अर्ज टाकला, १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावून. शौचालयाची साफसफाई, वॉचमनच्या पाळ्या आणि तीन वर्षांचा देखभाल खर्च असं सगळं एकाच अर्जात मागितलं.

८ फेब्रुवारी, शनिवार

रथसप्तमी होऊन गेली, आता नेहमीचे दिवस. नव्या पद्धतीने मोजणी पुरी झाली, तिन्ही बागा, एक शनिवार आणि एक कामाचा दिवस, सकाळ आणि संध्याकाळ. एकूण २८६ माणसं.

२०११ च्या जनगणनेत देशात दिव्यांगांचं प्रमाण २.२१ टक्के होतं. त्या हिशोबाने २८६ मधे सहा जण तरी दिसायला हवे होते. आम्हाला एक दिसले, कुबडी घेतलेले आजोबा, गेटच्या आतल्या पहिल्याच बाकड्यावर. आता प्रत्येक अपंगत्व डोळ्यांना दिसत नाही हे मान्य, २०१६ च्या कायद्यात २१ प्रकार आहेत आणि त्यातले बरेच बघून कळणारच नाहीत, त्यामुळे या आकड्यावर फार जोर देत नाहीये. पण चार फेऱ्यांत एकही व्हीलचेअर नाही, एकही पांढरी काठी नाही.

मुलींचा आकडा जास्त बोलका निघाला. दहा वर्षांपर्यंत मुलं-मुली जवळपास सारखे. १० ते १६ वयात मुलगे २७, मुली ४, आणि त्या चारातल्या तिघी धाकट्या भावंडाला झोका द्यायला आलेल्या. व्हिएन्नात नव्वदच्या दशकात नेमकं हेच दिसलं होतं, की दहाच्या आसपास मुली बागेतून गायब होतात, मुलगे राहतात. मग १९९९ मधे तिथल्या दोन बागा नव्याने आखल्या, मोठं एकच मैदान होतं ते तोडून लहान लहान जागा केल्या, बॅडमिंटन-व्हॉलीबॉलची सोय केली. आमच्याकडे काय आहे? खेळण्यांवर पाटी '१२ वर्षांवरील मुलांस मनाई'. पलीकडे ओपन जिम, तिथे पुरुष. मधल्या मोकळ्या जागेत क्रिकेट. तेरा वर्षांच्या मुलीने कुठे उभं राहायचं हे आम्ही नकाशावर शोधत बसलो, जागा सापडली नाही.

९ फेब्रुवारी

ताईंबरोबर मोठी बाग. हा दिवस सगळ्यात जास्त शिकवून गेला.

ठिपक्यांची फरशी म्हणजे थांब, पुढे काहीतरी आहे. लांब रेघांची फरशी म्हणजे चालत राहा. मोठ्या बागेत संपूर्ण वाटेवर ठिपक्यांचीच फरशी टाकलीय. ताई चार पावलं चालल्या, थांबल्या, काठीने पुढे चाचपलं, काही नाही. परत दोन पावलं, परत थांबल्या. "ही वाट मला सारखी थांब थांब म्हणतीये." पुढे ती फरशी सरळ एका गुलमोहराच्या बुंध्यापाशी जाऊन संपली. पहिल्या यादीत याच फरशीला आम्ही 'आहे' लिहिलं होतं.

दुसरं म्हणजे फांद्या. ट्रॅकवर एक फांदी साधारण १६० सेंटिमीटरवर आलीय. काठी जमिनीवरचं सांगते, कपाळाच्या उंचीचं सांगत नाही. मी बोलण्याच्या नादात होतो, माझं लक्ष नव्हतं, ताईंच्या कपाळाला खरचटलं. ही माझी चूक, साफ. त्या म्हणाल्या चालायचंच, पण मला ते चालण्यासारखं वाटलं नाही. तेव्हापासून पाहणीला जाताना एक जण फक्त बरोबर चालायला, त्याच्या हातात फॉर्म नाही, फोन नाही.

चांगलंही काहीतरी लिहायला हवं. ताईंना ही बाग आवडते. कोपऱ्यातल्या आंब्याच्या मोहोराच्या वासावरून त्या डावीकडे वळायचं ओळखतात, आणि पूर्वी कारंज्याच्या आवाजावरून मधला चौक कळायचा. कारंजं बंद आहे. आमच्यासाठी ती फक्त शोभा होती, यादीत तो प्रश्नच नव्हता. आता टाकलाय.

१७ फेब्रुवारी, सोमवार

माहिती अधिकाराचा अर्ज परत आला. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांच्या आत असा नियम आहे, आमचे तीन विषय होते. २६ दिवस वाया. तीन वेगळे अर्ज करून दुसऱ्या दिवशी दिले, अजून ३० रुपये. कुणी करणार असाल तर आधीच वेगवेगळे करा.

२० फेब्रुवारी, गुरुवार

आत्तापर्यंत आम्ही बागेत असलेल्या माणसांनाच विचारत होतो की बाग कशी आहे. साहजिकच लोक म्हणत होते छान आहे. बाई म्हणाल्या, जे येत नाहीत त्यांना विचारायला बाहेर जावं लागेल ना. ही गोष्ट दीड महिन्यानंतर सुचली, पहिल्या दिवशी सुचायला हवी होती.

मग दुपारी साडेबाराला गेलो. तिन्ही बागा ११ ते ४ बंद असतात म्हणून दुपारची मोजणी आम्ही ठेवलीच नव्हती. मधल्या बागेच्या भिंतीबाहेर फुटपाथवर नऊ बायका बसल्या होत्या, डबे उघडून. धुणंभांड्याचं एक काम बाराला संपतं, दुसरं तीनला सुरू होतं, घर लांब आहे, जाऊन येण्यात तीस रुपये जातात. एक मावशी रोज इथेच बसतात, सहा वर्षं झाली. भिंतीच्या आतल्या झाडाची सावली बाहेर पडते त्या सावलीत, आणि सावली सरकेल तशा त्या सरकतात. मी विचारलं बागेत कधी गेलाय का, तर म्हणाल्या, "उघडी असते तेव्हा मी कामावर असते."

पलीकडे झाडाखाली तीन डिलिव्हरीवाले बाइकवरच आडवे झालेले. समोरच्या बांधकामावरच्या मजुरांची दोन पोरं गेटच्या गजांतून झोका बघत होती.

आम्ही दीड महिना आत रॅम्प मोजत होतो. ते मोजायलाच हवेत, दादांसाठी तो ५८ सेंटिमीटरचा प्रश्न खराच आहे. पण या बायकांसाठी काहीही बांधायची गरज नाही, गेट उघडलं की झालं. वॉचमनमामांना विचारलं बंद का ठेवता, तर म्हणाले, माणूस मी एकटा, सकाळी ६ ते ११ आणि ४ ते ९, मधे जेवून झोपायला नको का? त्यांचंही बरोबर आहे. दुसरं कारण सांगितलं ते म्हणजे दुपारी जोडपी येऊन बसतात, लोकांच्या तक्रारी येतात.

२४ ते २८ फेब्रुवारी

सुटीच्या वेळी दोन शाळांच्या बाहेर मुलींशी बोललो. आधी मी विचारत होतो, मुली नुसत्या हसत होत्या. कॉलेजच्या मुलींनी विचारायला घेतलं आणि मी लांब जाऊन उभा राहिलो, मग धडाधड उत्तरं आली. झोक्यावर बसलं की मामा उठवतात. कट्ट्यावर बसलं की मुलं गाणी म्हणतात. बाथरूम नाही. एकीला सरळ बॅडमिंटनचं नेट हवंय. सगळ्यात जास्त मुलींनी मागितली ती गोष्ट म्हणजे दोघी-तिघी समोरासमोर बसून बोलता येईल अशी बाकडी, कारण आत्ताची सगळी ट्रॅककडे तोंड करून आहेत आणि प्रत्येक जाणारा त्यांच्याकडे बघत जातो. हे आम्हाला टेप घेऊन कधीच कळलं नसतं.

१२ मार्च

माहिती आली. कागदोपत्री तिन्ही शौचालयं रोज दोनदा साफ होतात. आमच्या नोंदीत ११ भेटींपैकी ८ वेळा लेडीजला कुलूप. दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले, वेगळं काही लिहायची गरज पडली नाही.

२० मार्च, गुरुवार

वॉर्ड ऑफिसला मीटिंग. ३८ पानी रंगीत रिपोर्ट नेला, प्रिंटला २१०० रुपये गेले. साहेबांनी पहिलं पान बघितलं, शेवटचं बघितलं, ठेवून दिला. मग दादांनी फोनवरचा एक फोटो दाखवला, खांबांच्या फटीत धरलेला टेप, ५८ चा आकडा दिसतोय आणि मागे त्यांची खुर्ची. साहेबांनी तो फोटो मागून घेतला आणि ज्युनिअर इंजिनीअरना तिथेच फोन लावला.

घरी येऊन रिपोर्ट मोडला. आता प्रत्येक बागेला एक पान, पाच फोटो, प्रत्येक फोटोत टेप किंवा घड्याळ दिसलंच पाहिजे, आणि खाली काम कुणाचं आणि खर्च साधारण किती. कुलूप काढणे, फांदी छाटणे, पाटी बदलणे, एक खांब काढणे ही कामं जवळजवळ फुकट आहेत म्हणून वर घेतली. रॅम्प आणि फरशी टेंडरची कामं म्हणून खाली.

७ एप्रिल, सोमवार

मधल्या बागेतला एक खांब निघाला, फट आता ९६ सेंटिमीटर. दादा पहिल्यांदा कुणाच्या मदतीशिवाय आत गेले, एक पूर्ण राउंड मारला, काही बोलले नाहीत, मग दुसरा मारला. मोठ्या बागेतली फांदी छाटली. तिथल्या शौचालयातलं सामान हललं, पण कुलूप आहेच, चावी आता गेटवर खिळ्याला टांगलीय. निम्मं काम.

१५ एप्रिल, मंगळवार

मधली बाग उन्हाळ्यापुरती दुपारी उघडी ठेवायला तयार झाले. वॉचमनमामांची जेवणाची वेळ भरून काढायला शेजारच्या सोसायटीतले दोन रिटायर्ड काका आळीपाळीने गेटवर बसणार आहेत. पहिल्या दिवशी आत कुणीच नाही. गेटवर जुन्या वेळेची पाटी तशीच होती आणि बायका बाहेर फुटपाथवरच बसलेल्या. बाई जाऊन म्हणाल्या आत या, तर एक मावशी म्हणाल्या नको बाई, हाकलतील. पाटी बदलायची आमच्या डोक्यातच आलं नव्हतं. संध्याकाळी पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहून लावली.

२६ एप्रिल, शनिवार

दुपारी १ ची मोजणी: १९ माणसं. बायका ११, पुरुष ५, लहान मुलं ३. सावलीत सरकत बसणाऱ्या त्या मावशी लॉनवर चक्क झोपल्या होत्या, चप्पल उशाला. 'झोपू नये' अशी पाटी तिथेच आहे, काकांना सांगून ठेवलंय की उठवायचं नाही, त्या पाटीचा अर्ज वेगळा करतोय (एक विषय, १५० शब्द).

आत्तापर्यंतचा खर्च, डिपॉझिट परत मिळालं ते सोडून: टेप १५०, पट्टी १२०, लेव्हल २५०, फॉर्मच्या झेरॉक्स ६४०, खुर्चीचं भाडं १५०, रिपोर्ट २१००, स्टॅम्प ४०, चहा-वडापाव आणि दादांच्या रिक्षा मिळून १८००. एकूण ५२५०. त्यातले २१०० टाळता आले असते.

राहिलेलं: दुपारी पाणपोईचा नळ इतका तापतो की पाणी पिववत नाही. सोमवारी दोन माठ आणतोय, झाकण आणि लांब दांड्याचं ओगराळं सकट, आणि ठेवायची जागा दादांना बसल्या बसल्या हात पोचेल अशी बघायची.